शाकाहारी जेवणातले लोह अंगी लागण्यासाठी

मटकी, हरभरे, बाजरी, अळीव यांत लोह असते, पण ते शरीरात कमी शोषले जाते, म्हणून खरी काळजी घ्यायची ती इथेच. मटकी रात्री भिजत घालून सकाळी उपसावी आणि ओलसर फडक्यात घट्ट बांधून ठेवावी. दुसऱ्या दिवशी फडक्यातून पांढरे मोड डोकावू लागले की लोह अडवून धरणारे फायटेट बरेच घटलेले असते. उसळ शक्यतो लोखंडी कढईत करावी आणि ताटात वाढल्यावरच तिच्यावर लिंबू पिळावे, कारण लोह शोषायला मदत करणारे लिंबातले क जीवनसत्त्व शिजवताना बरेचसे नष्ट होते. चहा लोहाचे शोषण अडवतो, म्हणून जेवणानंतरचा चहा मात्र तासभर तरी लांबवावा. शाकाहारात लोहासारखीच बी-१२ या जीवनसत्त्वाचीही काळजी घ्यावी लागते, कारण ते वनस्पतींतून मिळत नाही. त्यासाठी दूध-दही रोज घ्यावे, आणि तेही वर्ज्य असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्यावी.