मधुमेह माघारी फिरवताय? या चुका टाळा

टाइप २ मधुमेह माघारी फिरतो का? हो, पण सगळ्यांचा फिरत नाही, आणि ज्यांचा फिरतो त्यांचाही कायमचा जातोच असे नाही. वैद्यकात याला रेमिशन म्हणतात. त्याची व्याख्या २०२१ साली ठरली: शुगरची सगळी औषधे बंद करून किमान तीन महिने झाले, तरी एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) ६.५ टक्क्यांच्या खाली. गोळ्या चालू असताना ६.२ आला तर शुगर छान ताब्यात आहे, एवढेच म्हणता येते. टाइप १ मध्ये शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही, त्यामुळे ही वाट नाहीच; तिथे कुणाच्या सांगण्यावरून इन्सुलिन सोडणे जिवावर बेतते.

शुगरच्या मागे धावणे, पोटाचा घेर विसरणे

सर्वात मोठी चूक हीच. कारले, मेथी, जांभळाच्या बियांची पूड, रोज चार वेळा बोटाला सुई, आणि वजन मात्र जिथल्या तिथे. टाइप २ चे मूळ बहुतेकांच्या बाबतीत यकृतात आणि स्वादुपिंडात साचलेल्या चरबीत असते. चरबीने भरलेले यकृत इन्सुलिनला जुमानत नाही आणि रात्रभर रक्तात साखर सोडत राहते. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी चरबीखाली दबून थंड पडतात. ही चरबी लवकर उतरली तर त्या पेशी पुन्हा कामाला लागतात. फार वर्षे लोटली तर बऱ्याचशा परतत नाहीत.

ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' चाचणीत मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आत असलेले, इन्सुलिन न घेणारे रुग्ण होते. तीन ते पाच महिने रोज साधारण ८५० कॅलरींचा पातळ आहार, मग हळूहळू नेहमीचे जेवण. वर्षाअखेर ४६ टक्के रेमिशनमध्ये होते, दुसऱ्या वर्षी ३६ टक्के. खरा धडा वजनाच्या आकड्यांत आहे. १५ किलो किंवा त्याहून जास्त उतरवणाऱ्यांपैकी ८६ टक्के, १० ते १५ किलोवाल्यांपैकी ५७ टक्के आणि पाच किलोच्या आत राहिलेल्यांपैकी फक्त ७ टक्के. दोन-तीन किलो उतरवून 'काही फरक पडत नाही' म्हणणाऱ्यांनी हे आकडे पाहावेत. इतका कमी आहार मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचा.

'मी तर बारीकच आहे' हे आपल्याकडे नेहमी ऐकू येते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा शेजारी शेजारी काढलेला फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. म्हणून काट्याबरोबर टेपही ठेवा. पुरुषांचा घेर ९० सेंमी, बायकांचा ८० सेंमी ही आपली मर्यादा. टेप बेंबीच्या पातळीवर किंवा किंचित वर, श्वास सोडून, पोट आत न ओढता, आणि दर वेळी त्याच जागी. वजन साठ-बासष्टच असेल तर १५ किलोचे ध्येय तुमचे नाही. सुरुवात वजनाच्या दहा टक्क्यांपासून, म्हणजे सहा किलोंपासून करा.

आधी आहार कमी, मग डॉक्टर

जेवण निम्म्यावर आणले आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन तसेच चालू राहिले, तर शुगर लो होते. घाम, थरथर, छातीत धडधड झाली की लगेच तपासा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घोळून प्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. म्हणून आहार बदलण्याच्या *आधी* डोस ठरवून घ्यायचा. रक्तदाबाच्या गोळ्यांचेही तसेच आहे. वजन उतरले की रक्तदाबही उतरतो आणि उठल्यावर भोवळ येते.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळ्यांचा धोका वेगळा आणि फसवा आहे. त्या चालू असताना कडक उपास केला किंवा भाकरी-भात पूर्ण सोडला, तर शुगर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन (चरबी जळताना बनणारी आम्ले) साचून ॲसिडोसिस, म्हणजे रक्तात घातक आम्लता, होऊ शकतो. मळमळ, उलट्या, पोटात दुखणे, धाप अशी लक्षणे दिसली की ग्लुकोमीटरच्या आकड्यावर विसंबू नका, थेट रुग्णालय गाठा.

एचबीएवनसी खूप चढलेला असेल तर आधी डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. पडद्याला आधीच इजा असेल तर शुगर झपाट्याने उतरल्यावर ती काही काळ बळावू शकते.

'चांगले' पदार्थ न मोजता खाणे

ज्वारीची भाकरी चांगलीच. पण ६० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत साधारण ४० ग्रॅम कर्बोदके असतात, आणि १५० ग्रॅम शिजलेल्या भातातही जवळपास तेवढीच. दोन भाकऱ्या आणि वर भात म्हणजे १२० ग्रॅम झाले. आठवडाभर पीठ वजन करून घ्या, मग हाताला अंदाज येतो. गूळ ही साखरच. रंग बदलला म्हणून शुगर कमी चढत नाही.

उपासाच्या दिवशी तर गणित उलटेच होते. ७५ ग्रॅम साबुदाण्याच्या खिचडीत साबुदाण्याचीच कर्बोदके ६५ ग्रॅम, त्यात दाण्याचे कूट आणि तूप मिळून कॅलरी सहाशेच्या आसपास. उपास करायचाच असेल तर ताक आणि काकडीची कोशिंबीर घ्या, शेंगदाणे फक्त मूठभर. तेलाचा हिशेब महिन्याचा ठेवा: माणशी अर्धा लिटर. फोडणी पळीने न घालता चमच्याने मोजून घाला.

नुसते चालणे, नुसते उपाशी राहणे

वजन उतरताना स्नायूही उतरतात, आणि जेवणानंतरची साखर सर्वात जास्त शोषून घेतात ते स्नायूच. त्यामुळे वजनाच्या किलोमागे रोज साधारण एक ग्रॅम प्रथिने हवीत. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. ३० ग्रॅम कोरड्या मटकीच्या उसळीत प्रथिने मिळतात फक्त सात ग्रॅम, म्हणून दही, अंडी, पनीर, मासे यांची जोड लागते. आठवड्यातून दोन-तीनदा जोर लागेल असा व्यायाम करा: खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला रेटून दंड, पाण्याच्या बाटल्या उचलणे. आणि शतपावली शंभर पावलांवर थांबवू नका. जेवणानंतर १५ मिनिटे चाला.

सगळे केले, तरी आकडा हलत नाही

दिवसाची शुगर बरी आणि सकाळची उपाशीपोटी चढलेली, हे यकृताचे लक्षण. पहाटेचे संप्रेरक त्यात भर घालतात. रात्रीचे जेवण आठच्या आत आणि हलके ठेवा. यकृताची चरबी उतरेल तसा हा आकडाही उतरतो.

ग्लुकोमीटर एक सांगतो आणि एचबीएवनसी दुसरेच, असे असेल तर हिमोग्लोबिन तपासा. लोह कमी असेल तर एचबीएवनसी खोटा जास्त येतो. सिकलसेल (लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) असेल किंवा नुकतेच रक्त चढवले असेल तर त्यावर भरवसा ठेवता येत नाही. सिकलसेल जास्त आढळणाऱ्या विदर्भ आणि नंदुरबारकडच्या वाचकांनी हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. वजन आपोआप उतरत असूनही शुगर चढतच असेल तर सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवते ते सांगणारी तपासणी) आणि जीएडी अँटिबॉडी (टाइप १ ची खूण) तपासून घ्या, कारण तो टाइप २ नसूही शकतो.

रेमिशन मिळाल्यावरही वर्षातून एकदा एचबीएवनसी, डोळे, लघवीतील अल्ब्युमिन आणि पाय तपासायचेच. काटा मात्र दर आठवड्याला, एकाच वारी, सकाळी उपाशीपोटी. दोन किलो परत चढले की एचबीएवनसी वाढायची वाट पाहू नका. त्याच आठवड्यापासून भाकरी अर्धी करा, रात्रीचा भात बंद करा, आणि ते दोन किलो उतरेपर्यंत तसेच राहा.