घरच्या गणपतीचा हलता देखावा: मोटर कुठली, ड्रायव्हर कुठला, कंट्रोलर कुठला

श्रावण लागला की मला फोन यायला लागतात, आणि दहातले आठ जण एकच वाक्य बोलतात, "दादा, अर्डुइनो घेऊन ठेवलाय, आता मोटर कुठली लावू?" म्हणजे घोडं नाही आणि खोगीर आणून ठेवलंय. अर्डुइनो हा कंट्रोलर, म्हणजे प्रोग्रॅमप्रमाणे हुकूम देणारा छोटा बोर्ड, आणि कंट्रोलर सगळ्यात शेवटी घ्यायचा असतो. आधी काय हलणार ते ठरवा, मग मोटर, मग ड्रायव्हर (हुकमाप्रमाणे मोटरला करंट पुरवणारा बोर्ड), मग पॉवर सप्लाय, आणि मग कंट्रोलर, तोही लागला तर.

आमच्या घरचा देखावाच उदाहरणाला घेतो. चार गोष्टी हलतात: बाप्पाच्या मागचं चक्र, गौरींपुढे जात्यावर दळणारी बाई, हातातला मोदक वर-खाली करणारा उंदीरमामा, आणि आरतीला उघडणारा पडदा.

१. आधी कागदावर हालचाल लिहा

प्रत्येक गोष्टीपुढे तीनच प्रश्न. सतत फिरायचंय, ठरावीक कोनातच हलायचंय, की जाऊन परत यायचंय? मिनिटाला किती फेरे? आणि रोज किती तास? हा तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही आणि तिथेच सगळे मार खातात. संध्याकाळी ६ ते ११ म्हणजे रोज ५ तास, दहा दिवसांचा गणपती असेल तर ५० तास. शाळेच्या प्रोजेक्टमधली पाच मिनिटं चालणारी मोटर इथे चालेलच असं नाही.

जात्याचा वेग मी घड्याळ लावून मोजला, आईला खरं जातं ओढायला लावलं. साधारण तीन सेकंदाला एक फेरा, म्हणजे २० आरपीएम (मिनिटाला २० फेरे). मोटर घेताना हा आकडा बघायचा. २०० आरपीएमची घ्यायची आणि मग पीडब्ल्यूएमने (करंट झपाझप चालू-बंद करून) हळू करायची हा उद्योग करू नका, तिचा जोर जातो, ती नुसती गुणगुणते आणि बाई अर्ध्यात अडकते.

२. कुठल्या कामाला कुठली मोटर

चक्रासाठी मायक्रोवेव्हची ताटली फिरवणारी असते ना, ती सिंक्रोनस मोटर. २३० व्होल्टवर थेट चालते, ४ वॉट वगैरे खाते, ५-६ आरपीएम, आवाज जवळपास नाही. कंट्रोलर नको, ड्रायव्हर नको, प्लग लावला की झालं. एकच खोड आहे, चालू करताना ती कुठल्या दिशेने फिरेल हे तिचं तीच ठरवते. आमच्याकडे एका दिवशी चक्र सुलटं, दुसऱ्या दिवशी उलटं, आणि आजोबांच्या लगेच लक्षात आलं. चक्रावर बाण किंवा अक्षरं काढणार असाल तर दुसरी मोटर बघा. आणि ही २३० व्होल्टची आहे हे विसरू नका, शेजारी ओल्या दुर्वा, पाणी, नाचणारी पोरं असं सगळं असतं, त्यामुळे टर्मिनल बंद डबीत, आणि त्या लाइनला आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) असेल तरच लावा.

जात्याला आणि पडद्याला १२ व्होल्टची जॉन्सन गियर मोटर, मेटल गियरवाली. ६ मिमीचा शाफ्ट असतो, १० आरपीएमपासून पुढे बऱ्याच वेगांत मिळते. पिवळी प्लास्टिकची बीओ मोटर स्वस्त असते म्हणून सगळे ती उचलतात. खेळण्यातल्या गाडीला ठीक आहे, पण आतले गियर प्लास्टिकचे, रोज पाच तास जातं ओढायला ती नाही. पडद्याचा हिशोब सोपा आहे: ३ सेमी व्यासाच्या रिळाला एका फेऱ्यात साधारण ९.४ सेमी दोरी गुंडाळली जाते, पडदा ६० सेमी सरकायचा तर साडेसहाच्या आत फेरे, म्हणजे ६० आरपीएमची मोटर घेतली तर साडेसहा सेकंदांत पडदा उघडा. आरतीला बरोबर.

मोठं काही हलवायचं असेल, मंडळाचा आठ फुटी राक्षस वगैरे, तर जुन्या बाजारातली गाडीची वायपर मोटर. आत वर्म गियर असतो, त्यामुळे जोर भरपूर आणि करंट बंद केला तरी हात सहसा खाली पडत नाही. पण ती करंटही तसाच खाते, घरातल्या छोट्या अडॅप्टरवर हलणार नाही.

आता उंदीरमामा. कोनात हलायचं म्हणजे सर्व्हो, सांगितलेल्या कोनात जाऊन थांबणारी मोटर. इथे किलो-सेमी समजून घ्या. १ किलो-सेमी म्हणजे शाफ्टपासून १ सेमीवर टांगलेलं १ किलो उचलण्याचा जोर. मी शाडूचा मोदक केला होता, १५० ग्रॅम, हात १२ सेमी लांब. ०.१५ गुणिले १२, झाले १.८ किलो-सेमी. आणि एसजी९० या निळ्या छोट्या सर्व्होचा आकडाही १.८ किलो-सेमीच! वाटतं जमलं. पण तो आकडा म्हणजे सर्व्हो जिथे दमून थांबतो तो जोर असतो, आणि आपण तर हाताचं वजनही धरलेलं नाही. लागतो त्याच्या निदान दुप्पट-तिप्पट जोर हवा. मोठा एमजी९९६आर घेता आला असता, ४.८ व्होल्टला ९.४ किलो-सेमी, पण मी त्यापेक्षा मोदकच बदलला, कागदाच्या लगद्याचा केला, ४० ग्रॅम. मोटर वाढवण्याआधी वजन कमी होतंय का बघा, फुकटात होतं. थर्माकोलची सवय असलेल्यांनी तर जास्तच बघा, आपल्याकडे २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आलीये आणि पुठ्ठा त्याच्यापेक्षा बराच जड पडतो, त्यामुळे जुन्या देखाव्याचे हिशोब लागू होत नाहीत.

स्टेपर मोटरबद्दल (टप्प्याटप्प्याने फिरणारी मोटर) विचारतातच, थ्रीडी प्रिंटरचे व्हिडिओ बघून. नेमा १७ या नेहमीच्या स्टेपरमधला १७ हा आकडा तोंडाच्या मापाचा आहे, १.७ इंच, जोराचा नाही. मोजून स्टेप टाकायच्या असतील तर ती उत्तम, पण उभी असतानाही करंट खात राहते आणि तापते. देखाव्यात तिची गरज क्वचितच पडते.

३. ड्रायव्हर: अडकल्यावरचा करंट बघा

मोटर मोकळी फिरताना खाते तो करंट वेगळा आणि अडकल्यावर खाते तो वेगळा, दुसरा कितीतरी पट जास्त असतो. दुकानदाराला विचारू नका, मल्टिमीटरने काढा. मोटरच्या दोन वायरींमधला रेझिस्टन्स मोजा, मग मोटर सेकंदभर फिरवून बंद करा आणि परत मोजा, असं चार-पाच वेळा, आणि सगळ्यात छोटा आकडा धरा. ४ ओहम आले तर १२ भागिले ४, म्हणजे अडकल्यावर ३ अँपिअर. ड्रायव्हर सतत तेवढा करंट देणारा हवा. पाटीवर 'पीक' (क्षणभर झेपणारा कमाल करंट) म्हणून छापलेल्या आकड्याला भुलायचं नाही.

लाल रंगाचा एल२९८एन ड्रायव्हर सगळीकडे मिळतो, २ अँपिअरचा म्हणतात, पण त्याची तऱ्हा अशी की १ अँपिअरलाच तो सुमारे २ व्होल्ट स्वतः खाऊन टाकतो आणि त्याची उष्णता करतो. १२ व्होल्ट दिले तर मोटरला दहाच पोचतात, आणि ६ व्होल्टच्या बॅटरीवर तर तिसरा हिस्साच गेला. छोट्या मोटरला टीबी६६१२ बरा, तो असा खात नाही, पण सतत १.२ अँपिअरपर्यंतच. जॉन्सनपेक्षा मोठ्या मोटरवर गेलात की बीटीएस७९६० बोर्ड, त्यावर ४३ अँपिअर लिहिलेलं असतं ते मनावर घेऊ नका, त्यावरच्या हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) त्या आकड्याच्या बऱ्याच खाली राहा.

आमचं जातं एकाच दिशेने फिरतं, त्याला ड्रायव्हरही नाही, साधा रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच) आहे आणि मोटरवर उलटा लावलेला १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा). तो लावायचाच, मोटर बंद होताना उलटा झटका देते.

४. पॉवर सप्लाय, आणि माझी फजिती

पहिल्या वर्षी मी सर्व्होला करंट अर्डुइनोच्याच ५ व्होल्ट पिनवरून दिला होता. गौरी जेवायच्या दिवशी, घर पाहुण्यांनी भरलेलं, आरती सुरू झाली, पडदा अर्धा उघडला आणि बंद झाला. परत अर्धा उघडला, परत बंद. उंदीरमामाने जोर लावला की व्होल्टेज खाली जायचं, अर्डुइनो रिसेट व्हायचा, आणि प्रोग्रॅमची पहिलीच ओळ होती पडदा बंद कर. मावशी म्हणाल्या, "अरे, बाप्पाला बघू दे ना रे!" शेवटी भावाने पडदा हाताने धरून ठेवला, अख्खी आरती.

तेव्हापासून १२ व्होल्ट ५ अँपिअरचा एसएमपीएस (घरच्या विजेतून डीसी देणारा सप्लाय), त्यातून मोटरींना थेट, आणि सर्व्होसाठी वेगळा एलएम२५९६ बक कन्व्हर्टर, म्हणजे १२ व्होल्टचे ५ करणारा छोटा बोर्ड. त्याचा छोटा पितळी स्क्रू आधी फिरवून मीटरवर ५ व्होल्ट आलेले बघायचे आणि मगच सर्व्हो जोडायचा, हे मी एक सर्व्हो जाळून शिकलो. सर्व्होच्या जवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, डीसी मोटरच्या टर्मिनलवर १०४ नंबरचा सिरॅमिक कपॅसिटर, आणि सगळ्यांचे ग्राउंड (मायनस वायरी) एकत्र. ग्राउंड सुटं राहिलं की सर्व्हो हिवताप आल्यासारखा थरथरतो.

५. आता कंट्रोलर

आमच्या चारपैकी चक्राला कंट्रोलर लागतच नाही, जात्यालाही खरं तर टायमर सॉकेट पुरला असता. उरलं पडदा आणि उंदीरमामा, त्याला अर्डुइनो नॅनो पुरतो. पिनवरून २० मिलिअँपिअरपेक्षा जास्त ओढायचे नाहीत, म्हणजे मोटर पिनला कधीच नाही. मोबाइलवरून पडदा उघडायची हौस असेल तर ईएसपी३२ (वायफायवाला कंट्रोलर), पण तो ३.३ व्होल्टचा आहे, ५ व्होल्टचा सेन्सर थेट जोडू नका, आणि तो चालू होताना त्याच्या काही पिनांवरचं व्होल्टेज क्षणभर वर-खाली होतं, त्यावर रिले लावला तर पडदा स्वतःहून दचकतो. रास्पबेरी पाय, तो तर अख्खा छोटा कॉम्प्युटरच, एवढ्याला नको.

पडदा सेकंद मोजून थांबवू नका, दोन्ही टोकांना मायक्रोस्विच (पडदा टेकला की दाबला जाणारा छोटा स्विच) लावा. दोरी ओली झाली, ताणली गेली की सेकंदांचा हिशोब चुकतो.

६. बसवणं आणि चाचणी

चक्राचं वजन मोटरच्या शाफ्टवर टांगायचं नाही, ६०८ नंबरचं बेअरिंग घ्या, वजन त्याने पेलायचं आणि मोटरने नुसतं फिरवायचं. मोटरखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा, रात्री घरघर ऐकू येत नाही.

खरेदी पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पण गणपतीच्या आदल्या आठवड्यात जाऊ नका, पाहिजे तो आरपीएम संपलेला असतो. पंधरा दिवस आधी सगळं जोडा आणि सलग तीन संध्याकाळी पाच-पाच तास चालवा. तासाभराने मोटरला बोट लावा, पाच सेकंद टेकवता आलं नाही तर कुठेतरी घासतंय नाहीतर मोटर छोटी पडतेय. जी चालली तीच मोटर अजून एक आणा, आणि तिला वायर आधीच सोल्डर करून चौरंगाखाली ठेवा, कारण आरतीच्या दहा मिनिटं आधी सोल्डरिंग आयर्न तापेपर्यंत कोणी थांबत नाही.