घरच्या माणसांवर विनोद रचताना

ओपन माइकमध्ये, म्हणजे कोणीही मंचावर येऊन आपले विनोद सादर करू शकेल अशा कार्यक्रमात, नवोदिताला साधारण ४-५ मिनिटेच मिळतात, म्हणून सगळ्या कुटुंबाची ओळख करून देण्याच्या भानगडीत न पडता एकच माणूस आणि त्याची एकच सवय निवडावी. ‘आई काटकसरी आहे’ हे विधान कोणाच्याही आईला लागू पडते. परंतु श्रीखंडाच्या डब्यात कढीपत्ता निघतो आणि तरीही आपण दर वेळी तोच डबा आशेने उघडतो, असे सांगितले की प्रेक्षकाला स्वतःचे स्वयंपाकघर दिसू लागते.

हसवणारा शब्द वाक्याच्या शेवटी यावा. मराठीत ती जागा बहुधा क्रियापद अडवते, तेव्हा शब्दक्रम बदलून ‘डब्यात निघाला कढीपत्ता’ असे म्हणावे आणि थांबावे, कारण हशा चालू असताना उच्चारलेले पुढचे वाक्य वाया जाते. येथे विनोदाचा रोख आपल्या हावरटपणावर ठेवावा. आईची काटकसर आपोआप सोबत येते.

आजारपण, कर्ज किंवा मोडलेले लग्न यांविषयी बोलण्यापूर्वी संबंधिताला विचारावे. (माझ्या वडिलांनी परवानगी दिली, मात्र मानधनात वाटा मागितला.) प्रत्येक प्रयोग फोनवर ध्वनिमुद्रित करावा, आणि लागोपाठ तीनदा पडलेली ओळ, कितीही लाडकी असली तरी, काढून टाकावी.