करारनाम्याआधी फ्लॅटचं बुकिंग रद्द करताय? या चुका टाळा

फ्लॅटचं टोकन भरलं, अलॉटमेंट लेटर (बिल्डरचं फ्लॅट वाटपाचं पत्र) हातात आलं, आणि मग गणित जुळेना. कर्ज कमी मंजूर झालं, नोकरीत बदली झाली किंवा कागद नीट वाचल्यावर शंका आली. करारनामा अजून नोंदवलेला नसेल तर महाराष्ट्रात अशा वेळी बाहेर पडणं फार कठीण नाही. तरीही लोकांचे लाख-दीड लाख अडकतात, आणि त्यामागे बहुतेक वेळा त्याच त्या चुका असतात.

आधी नियम. महारेराने (महाराष्ट्रातलं स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) ऑगस्ट २०२२ मध्ये अलॉटमेंट लेटरचा नमुना ठरवून दिला. त्यात ग्राहकाने बुकिंग रद्द केलं तर जास्तीत जास्त किती कापायचं ते लिहिलंय. पत्र दिल्यापासून १५ दिवसांत रद्द केलं तर काहीही नाही. १६ ते ३० दिवसांत घराच्या किमतीच्या १ टक्का, ३१ ते ६० दिवसांत दीड टक्का, ६१व्या दिवसापासून २ टक्के. उरलेली रक्कम तुमचं रद्द करण्याचं पत्र बिल्डरला मिळाल्यापासून ४५ दिवसांत बिनव्याजी परत करायची. त्यानंतर उशीर झाला तर स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर (कर्जासाठीचा बँकेचा आधारभूत व्याजदर) अधिक २ टक्के या दराने व्याज.

हे टक्के घराच्या किमतीवर आहेत, भरलेल्या पैशांवर नाहीत. नवख्या खरेदीदाराचा पहिला गोंधळ इथेच होतो. ८० लाखांच्या फ्लॅटला १ लाख टोकन भरलं आणि ४५व्या दिवशी रद्द केलं, तर दीड टक्का म्हणजे १ लाख २० हजार. टोकन संपलं. ‘एक लाखातले फार तर पंधराशे जातील’ या समजुतीत राहू नका.

फोनवर सांगून गप्प बसणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. एक नेहमीचा प्रसंग घ्या. फ्लॅटची किंमत ७५ लाख, टोकन २ लाख, अलॉटमेंट लेटरवर तारीख ३ जून. १२ जूनला बँकेने कळवलं की अपेक्षेपेक्षा कर्ज कमी मिळेल. नवव्या दिवशी खरेदीदाराने सेल्सच्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, ‘सर, दोन-तीन दिवस थांबा, मॅनेजरशी बोलून स्पेशल केस करून देतो.’ मग मॅनेजर रजेवर गेला. मग लहान फ्लॅट दाखवायला बोलावलं. मग दुसऱ्या बँकेचा माणूस आला. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘नोटेड सर’ असा एक निरोप आला आणि खरेदीदाराला वाटलं, काम झालं. १३ जुलैला, म्हणजे चाळिसाव्या दिवशी, त्याने पहिला ईमेल केला. कापलेली रक्कम १ लाख १२ हजार ५००. १८ जूनपर्यंत पत्र पोहोचलं असतं तर एक रुपयाही गेला नसता.

सेल्सच्या मुलाला दोष देऊन उपयोग नाही. बुकिंग टिकवणं हे त्याचं काम आहे आणि त्याच्या हातात रद्द करण्याचा अधिकार नसतो. ‘बुकिंग होल्डवर ठेवतो’ असं तो म्हणतो तेव्हा दिवस थांबत नाहीत. होल्ड नावाचा प्रकार महारेराच्या त्या नियमात नाही.

म्हणून सवय अशी लावा: विचार पक्का नसला तरी अलॉटमेंट लेटरच्या तारखेत १५ दिवस मिळवून ती तारीख फोनमध्ये टाका आणि तिच्या तीन दिवस आधीची आठवण लावा. त्या दिवशी निर्णय घ्या. बोलणी चालू ठेवायची असतील तर ठेवा, पण पत्र आधी पाठवा. पुढे मन वळलं तर नव्याने बुकिंग करता येतं. गेलेले १५ दिवस परत येत नाहीत.

पत्रात लागतं ते एवढंच: महारेराच्या संकेतस्थळावर प्रवर्तक (म्हणजे बिल्डर) म्हणून असलेलं कंपनीचं नेमकं नाव, प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक, विंग-मजला-फ्लॅट नंबर, अलॉटमेंट लेटरची तारीख, भरलेली प्रत्येक रक्कम तारीख आणि यूटीआर क्रमांकासह (बँक व्यवहाराचा क्रमांक), ‘मी/आम्ही हे बुकिंग रद्द करत आहोत’ असं स्वच्छ वाक्य, परताव्याचं बँक खातं, आणि दिलेले पण न वटवलेले धनादेश परत करण्याची मागणी. कारण एका ओळीत पुरे. ‘रद्द करण्याचा विचार आहे’, ‘कृपया मार्गदर्शन करावे’ अशी भाषा नको. ते रद्द करणं ठरत नाही आणि बिल्डरच्या वकिलाला ते पक्कं माहीत असतं.

बुकिंग फॉर्मवर दोघांची नावं असतील तर सह्या दोघांच्या हव्यात. एकाच सहीचं पत्र ‘अपूर्ण’ म्हणून परत येतं आणि तोवर सोळावा दिवस उजाडलेला असतो.

पाठवताना तिन्ही वाटा वापरा. फॉर्ममध्ये दिलेल्या तुमच्याच ईमेलवरून, अलॉटमेंट लेटरवर छापलेल्या कंपनीच्या ईमेलवर. त्याच दिवशी कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टाने, पोहोचेसह. आणि जमलं तर स्वतः ऑफिसात जाऊन दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही. साइटवरच्या सेल्स ऑफिसात ‘इथे इनवर्ड होत नाही’ म्हणतात, तेव्हा हुज्जत न घालता मुख्य ऑफिस गाठा. तुमचे ४५ दिवस ‘पत्र मिळाल्या’पासून सुरू होतात, त्यामुळे ते मिळाल्याचा पुरावा हीच सगळ्या प्रकरणाची खुंटी आहे.

कापाकापीचा हिशोब न तपासणं

टक्केवारी अलॉटमेंट लेटरमध्ये लिहिलेल्या घराच्या मोबदल्यावर लागते. सेल्स ऑफिस मात्र अनेकदा ‘ऑल इन्क्लुझिव्ह’ आकड्यावर हिशोब करतं, म्हणजे मुद्रांक शुल्क, नोंदणी, जीएसटी, सोसायटीचा ठेव निधी सगळं मिळवून. ७५ लाखांचा फ्लॅट पॅकेजमध्ये ८३ लाख दिसतो. दीड टक्क्यात १२ हजारांचा फरक इथेच पडतो. लेखी ताळेबंद मागा.

बुकिंग फॉर्मच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात ‘रद्द केल्यास १० टक्के जप्त’ असं असेल तर घाबरून सही करू नका. प्रकल्पाच्या महारेरा पानावर अलॉटमेंट लेटरचा मसुदा असतो, तो उतरवून घ्या आणि तुमच्या प्रतीशी कलमागणिक ताडून पाहा. फरक असेल तर त्या कलमाचा उल्लेख पत्रात करा. अलॉटमेंट लेटर दिलंच नसेल तर तेही लिहा. मुदत पत्र दिल्यापासून मोजायची असते, आणि ज्याने पत्रच दिलं नाही तो तुमचे दिवस मोजणार कशाच्या जोरावर?

मूळ कागद आधी देऊन टाकणं

दुसरी मोठी चूक. रद्द करायला गेलात की समोर एक छापील फॉर्म येतो: ‘कॅन्सलेशन रिक्वेस्ट’. खाली ओळ असते की अर्जदाराला सर्व रक्कम मिळाली असून त्याचा कोणताही दावा उरलेला नाही. सोबत मूळ अलॉटमेंट लेटर आणि मूळ पावत्या मागतात. ‘हे दिल्याशिवाय अकाउंट्स फाइल उघडत नाही,’ असं सांगतात. माणूस घाईत असतो, सही करतो, कागद देतो. तीन महिन्यांनी त्याच्याकडे ना पैसे ना पावती, आणि बिल्डरकडे मात्र त्याच्या सहीचा ‘दावा नाही’ असा कागद.

कागद आणि पैसे एकाच टेबलावर, एकाच वेळी बदलायचे. फॉर्म भरायचाच असेल तर ‘रक्कम मिळाली’ हे शब्द खोडा, तिथे ‘रक्कम रु. अमुक खात्यात जमा झाल्यावरच दावा संपेल’ असं हाताने लिहा, बाजूला सही करा आणि फोटो काढा. मूळ पावत्यांच्या सहीशिक्क्याच्या प्रती आधी द्या, मूळ प्रती पैसे जमा झाल्यावर. ते मान्य नसेल तर काहीही देऊ नका. तुमचं पत्र पोहोचलेलं आहे, दिवस चालू आहेत, घाई त्यांना असायला हवी.

‘तुमचा फ्लॅट विकला गेला की पैसे देऊ’ या अटीवर सही करू नका. ४५ दिवसांना अशी अट जोडलेली नाही.

परतावा पुढच्या तारखेच्या धनादेशाने देत असतील तर ठीक, पण धनादेश तीन महिन्यांच्या आत बँकेत भरा. परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, मग समोरच्याला १५ दिवस, आणि तरी पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या (धनादेशांबद्दलचा कायदा) कलम १३८ची तक्रार. ‘पुन्हा भरा, या वेळी वटेल’ असं ऐकत बसणाऱ्यांची ही मुदत हमखास चुकते.

बाकीच्या, थोडक्यात

दिलेल्या धनादेशाचं पेमेंट बँकेला थांबवायला सांगून मोकळं होऊ नका. त्यानेही कलम १३८चं झेंगट मागे लागू शकतं. आधी रद्द करण्याचं पत्र, त्यात धनादेश न वटवण्याची सूचना, मग बँक.

करारनाम्याला या म्हणून आलेल्या नोटिशीला उत्तर न देणं: १५ दिवस उलटले की बिल्डर स्वतः बुकिंग रद्द करून २ टक्क्यांपर्यंत कापू शकतो.

‘आधी करारनामा करू, नंतर पाहू’ हा तर सगळ्यात वाईट शॉर्टकट. नोंदणी झाली की नोंदणीकृत रद्दलेख लागतो, नोंदणी फी जाते, आणि मुद्रांक शुल्काच्या परताव्यासाठी वेगळी धावपळ. करारनामा न करता नुसतं चलन भरलं असेल तर त्या परताव्याचा अर्ज सहा महिन्यांच्या आत करा.

नोंदणीकृत करारनाम्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायला रेरा कायद्याचं कलम १३ मनाई करतं. तुमच्याकडून जास्त घेतली असेल तर पत्रात आकड्यांसह लिहा. तो मुद्दा तुमच्या बाजूचा आहे.

इंटरनेटवरचा मसुदा उचलून त्यात कलम १८ टाकणारे खूप. ते कलम वेळेवर ताबा न मिळण्याबद्दल आहे. तुमचं मन बदललं असेल तर ते लागू करण्याच्या नादाला लागू नका. जाहिरातीतली माहिती खोटी निघाली असेल तर कलम १२ पाहा, तिथे व्याजासह परतावा आहे. मग ती जाहिरात आणि माहितीपत्रक जपून ठेवा.

जीएसटी विसरू नका. टोकनमध्ये तो धरलेला असेल तर बिल्डरला क्रेडिट नोट (बिलातली रक्कम कमी केल्याचा कागद) काढायला लावून परत मागा. क्रेडिट नोटची मुदत आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत असते. ती उलटली असेल तर जीएसटीच्या डिसेंबर २०२२च्या परिपत्रकानुसार तुम्ही स्वतः पॅनवरून तात्पुरती नोंदणी करून परतावा मागू शकता. त्याला रद्द झाल्यापासून दोन वर्षं मिळतात. घर ५० लाख किंवा जास्तीचं असून तुम्ही १ टक्का टीडीएस भरला असेल तर तीही रक्कम ‘भरलेली’ म्हणूनच हिशोबात धरायला लावा.

टोकन दलालाच्या खात्यात किंवा रोखीने देऊ नका. दिलंच असेल तर आजच ईमेलवर कबुली घ्या.

४५ दिवस उलटले तर

शेहेचाळिसाव्या दिवशी एक स्मरणपत्र, त्यात व्याजाची मागणी आणि सात दिवस. आठव्या दिवशी महारेराच्या संकेतस्थळावर तक्रार, शुल्क ५,००० रुपये. जोडायचं ते: अलॉटमेंट लेटर, पावत्या, बँकेचा उतारा, रद्द करण्याचं पत्र, त्याची पोहोच, स्मरणपत्र. सगळं एका पीडीएफमध्ये, तारखेच्या क्रमाने, पानांना क्रमांक देऊन. आदेश मिळूनही पैसे आले नाहीत तर त्याच आदेशावर वसुली वॉरंटसाठी अर्ज करा. ते जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. तिथेही पाठपुरावा तुम्हालाच करावा लागतो, म्हणून वॉरंटचा क्रमांक आणि ते कोणत्या तहसील कार्यालयाकडे गेलं हे लिहून ठेवा.