कित्सुने-केन: कोजागिरीच्या गच्चीवर कोल्हा, पाटील, शिकारी

जानकेन, म्हणजे जपानी दगड-कागद-कात्री, पोरांनाही येतं. त्याच घराण्यातलं कित्सुने-केन मात्र बोटांऐवजी दोन्ही हातांनी खेळायचं. जपानच्या एदो काळातल्या (सतरावं ते एकोणिसावं शतक) मैफलींत ते रंगायचं. हरणाऱ्याने साकेचा (तांदळाच्या दारूचा) प्याला रिकामा करायचा, हा रिवाज. नेरूळ-खारघरच्या सोसायटीत कोजागिरीचं दूध आटेपर्यंत खेळायला याहून चांगला डाव नाही.

सतरंजीवर दोघं समोरासमोर, गुडघे मुडपून, मध्ये हातभर अंतर. एकाला खुर्ची लागली तर दुसऱ्यालाही द्या. कोल्ह्यासाठी दोन्ही तळवे कानांशेजारी उभे. पाटील (तिकडचा गावप्रमुख, शोया) म्हणजे पाठ ताठ, हात मांड्यांवर. शिकाऱ्याने बंदूक धरल्यासारखी एक मूठ पुढे, दुसरी छातीशी ठेवायची. कोल्हा पाटलाला भुलवतो, पाटलाच्या शब्दापुढे शिकाऱ्याचं चालत नाही, शिकारी कोल्ह्याला टिपतो.

दोन टाळ्या छातीसमोर, तिसऱ्या ठोक्याला मुद्रा. सुरुवातीला हात मांडीवर ठेवू देऊ नका. पाटील करणाऱ्याला मग हलावंच लागत नाही आणि डाव आधीच फुटतो. भांडणं होतात ती अर्धा ठोका उशिरा आलेल्या हातावरून. एकदा ताकीद, पुढच्या वेळी सरळ हार. ठेका एकानेच धरावा, तोही टाळावर. रात्री १० नंतर लाऊडस्पीकर तसाही बंदच.

आता डावपेच. नजर समोरच्याच्या कोपरांवर ठेवा, चेहऱ्यावर नको. कोल्हा करणाऱ्याची कोपरं दुसऱ्या टाळीनंतर लगेच बाहेर फाकतात, पाटील करणाऱ्याचे खांदे खाली येतात. आपली चाल लपवायची तर तिन्ही मुद्रांआधी टाळी एकाच उंचीवर, एकाच जोराने वाजवा. नवखा पहिल्यांदा बहुधा कोल्हाच करतो, कान लावायची हौस! त्याच्यापुढे शिकारी टाका.

बरोबरी झाली की पुष्कळजण मुद्रा बदलतात. अशा वेळी बरोबरीची मुद्रा जिला हरवते, ती टाका. दोघांचा कोल्हा पडला, तर पुढे पाटील: समोरच्याने शिकारी काढला तर तुम्ही जिंकता, पाटील काढला तर पुन्हा बरोबरी. फक्त त्याने हट्टाने कोल्हाच ठेवला तर फसाल. म्हणून हे दोनदा लागोपाठ करू नका, चलाख माणूस लगेच ओळखतो.

कित्सुने-केनच्या तोहाचिकेन या शिस्तबद्ध प्रकारात सलग तीन वेळा जिंकावं लागतं. गच्चीवर हाच नियम ठेवा, बरोबरी मोजू नका. हात अगदी नशिबावर पडले तर सामन्याला सरासरी दहा-अकरा हात लागतात, म्हणजे साधारण अर्धं मिनिट. १६ जणांच्या बाद फेरीत १५ सामने. उठबस धरून वीस मिनिटं. साकेच्या जागी बिनसाखरेचं कोकम, एका वेळी दोन घोट. जास्त दिलंत तर नंतर मसाला दूध कोणी घेणार नाही.