वजन उतरल्यावर भूक का खवळते, आणि मग करायचं काय

"सहा किलो उतरवले होते गं, आठ परत आले." हे इतक्या जणांकडून ऐकलंय, आणि वर घरचे म्हणणार जिभेवर ताबा नाही. मला याचा फार राग येतो, कारण हा दोष जिभेचा नाहीच.

आपल्या चरबीतून लेप्टिन नावाचं हार्मोन निघतं, 1994 ला सापडलं ते, आणि ते मेंदूला सांगत राहतं की साठा भरपूर आहे. चरबी घटली की लेप्टिन पडतं आणि भूक पेटवणारं घ्रेलिन वाढतं. 2011 मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी दाखवलं की डाएट करून वजन उतरवलेल्यांचे हे हार्मोन्स वर्षभरानंतरही पूर्वपदावर आले नव्हते! त्यात शरीर खर्चही आखडतं. अमेरिकेत एका टीव्ही शोमध्ये भराभर वजन उतरवलेल्या 14 जणांना सहा वर्षांनी तपासलं, तर अपेक्षेपेक्षा दिवसाला साधारण 500 कॅलरी कमी जळत होत्या.

म्हणून उपाशी राहून लढू नका, भूक लागणारच हे धरूनच जेवण लावा. महिन्याला दीड-दोन किलो उतरले तरी पुष्कळ.

सगळ्यात आधी ताट बदला. वरण वाढताना वरवरचं पाणी घेऊ नका, डाव तळापर्यंत घालून घट्ट वरण घ्या नाहीतर मटकीची उसळ घ्या, सोबत काकडीची कोशिंबीर, आणि हे अर्धं संपल्यावरच पोळीला हात लावा, म्हणजे तिसरी पोळी बऱ्याचदा आपोआप राहते कारण प्रोटीन आणि फायबरनं पोट लवकर भरतं. पोहे करताना पोहे मूठभर कमी, मटार-दाणे जास्त, वर एक उकडलेलं अंडं.

फरसाण-बिस्किटांचे डबे ओट्यावरून हलवा. 2019 च्या एका प्रयोगात 20 जणांना दोन आठवडे पॅकेटवालं आणि दोन आठवडे साधं जेवण दिलं, साखर-फॅट-फायबर कागदावर सारखंच, तरी पॅकेटवाल्या दिवसांत लोकांनी रोज 500 च्या आसपास कॅलरी जास्त खाल्ल्या.

चालणं चांगलंच, पण आठवड्यातून दोनदा तरी बैठका, भिंतीला टेकून पुशअप असं काहीतरी करा, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातात.

आणि नुसता काटा बघू नका, टेपनं कंबर मोजा. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलंय की आपल्याकडे बारीक दिसणाऱ्यांतही चरबी जास्त असते. बायकांची 80 आणि पुरुषांची 90 सेंटीमीटरच्या आत हवी.

शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा, डोस तोच राहिला तर शुगर एकदम खाली जाऊ शकते.