डिझेलने भिजलेली माती ढीग रचून कशी साफ करावी

कारखान्याच्या आवारात जमिनीखालची टाकी गळल्याचं कळलं की पहिला फोन जेसीबीवाल्याला जातो. तो प्रयोगशाळेला जायला हवा. या पद्धतीत माती खोदून तिचा ढीग रचतात आणि खत, ओल व हवा देऊन मातीतल्या जिवाणूंकडून डिझेल संपवतात. डिझेल जिवाणू खाऊन संपवतात, पण शिसं, आर्सेनिक, कॅडमियम यांचं तसं नाही. ढीग कितीही वेळा उलटला तरी ते जेवढ्यास तेवढेच राहतात. म्हणून तेलाबरोबर जड धातू, पीसीबी (जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलातली विषारी रसायनं) आणि क्लोरीनयुक्त सॉल्व्हंटही तपासून घ्या. पेट्रोलियम हायड्रोकार्बनचं एकूण प्रमाण, म्हणजे टीपीएच, किलोमागे 50,000 मिलिग्रॅमच्या वर किंवा जड धातू 2,500 मिलिग्रॅमच्या वर असतील, तर जिवाणूच तग धरत नाहीत. अशा मातीसाठी ही पद्धत नव्हे.

बेन्झिनसारख्या उडून जाणाऱ्या घटकांसाठी नमुना घेताना माती घमेल्यात कालवू नका, जे मोजायचं तेच कालवताना उडून जातं. बाटली गच्च भरून लगेच बंद करा आणि 4 अंश सेल्सिअसला ठेवून पाठवा.

डिझेल पाण्यापेक्षा हलकं असल्याने भूजलावर तरंगतं. पाण्याची पातळी वर-खाली होते तसा तेवढ्या उंचीचा पट्टा तेलाने माखत जातो. टाकीखालची माती काढून तो पट्टा तसाच सोडला, तर खड्डा बुजवल्यावरही भूजलात तेल उतरत राहतं. खोदताना चांगली-वाईट माती वेगळी काढायला नाकावर विसंबू नका. नाक लवकर बधिर होतं आणि वाफ छातीत जाते ती वेगळीच. पिशवी मातीने अर्धी भरा, तोंड बांधा, ढेकळं बाहेरूनच चुरगाळा, दहा मिनिटं थांबा आणि मग पीआयडी मीटरची (हवेतली वाफ मोजणाऱ्या यंत्राची) नळी आत सरकवून आकडा घ्या. हा आकडा फक्त माती वेगळी करण्यापुरता, शेवटचा निर्णय प्रयोगशाळेच्या अहवालावर. आधार न दिलेल्या खड्ड्यात माणूस उतरवू नका. चारही भिंतींचे आणि तळाचे नमुने स्वच्छ आल्याशिवाय खड्डा बुजवू नका.

खोदलेली माती 20 ते 30 टक्के फुगते, जागा त्या हिशेबाने धरा. तळ सपाट करून एका बाजूला 1 ते 2 टक्के उतार द्या. त्यावर 1.5 मिलिमीटरचा एचडीपीई (जाड प्लास्टिकचा) कागद, वर 15 सेंटिमीटर वाळू, कडेने बांध आणि उताराच्या टोकाला पाझर साठवणारा खड्डा. वाळू वाचवायला जाऊ नका, पहिल्याच फेरीत यंत्राच्या दातांनी कागद फाटतो. हवा खेळवण्यासाठी वाळूवर भोकं पाडलेले पीव्हीसी पाइप दोन ते तीन मीटरच्या अंतराने खडीत बसवा. ढिगाची उंची दोन मीटरच्या आसपास ठेवा. रचताना ढिगावर यंत्र चढवू नका; दाबलेल्या मातीत हवा शिरत नाही. चिकणमाती असेल तर ढेकळं फोडून लाकडाच्या ढलप्या मिसळा, नाहीतर ढेकळाच्या पोटातलं तेल वर्षभरानेही तसंच सापडतं.

आता खत. कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस यांचं प्रमाण 100:10:1 धरा. समजा 100 घनमीटर माती आहे, म्हणजे साधारण 160 टन, आणि टीपीएच किलोमागे 5,000 मिलिग्रॅम. तेल झालं 800 किलो, त्यात कार्बन सुमारे 680 किलो. म्हणजे नायट्रोजन 68 किलो आणि फॉस्फरस 6.8 किलो लागेल. 34 किलो डीएपी खतामधून फॉस्फरस पूर्ण मिळतो आणि सहा किलो नायट्रोजनही. उरलेल्या 62 किलोंसाठी 135 किलो युरिया. पण हे सगळं एकदम टाकू नका. मातीतल्या पाण्यात खारटपणा वाढून जिवाणू थंडावतात. तीन हप्ते करा, पहिला रचताना आणि पुढचे पाण्याबरोबर. मातीचा सामू (पीएच) 6 ते 8 च्या दरम्यान हवा.

ओल मुठीत तपासा. मूठ आवळल्यावर गोळा झाला आणि बोट लावताच फुटला तर ठीक. बोटांमधून पाणी आलं तर जास्त, गोळाच होत नसेल तर कोरडी.

खताची काळजी सगळेच करतात, पण काम अडतं ते हवेपाशी. एक किलो तेल पूर्ण जाळायला जिवाणूंना साडेतीन किलोच्या आसपास ऑक्सिजन लागतो. वर उदाहरणात धरलेल्या ढिगाला त्या हिशेबाने दहा हजार घनमीटर हवा हवी, तीही वाया न जाता. महिन्यातून एकदा फावड्याने उलटून ती पुरी पडत नाही. पाइपांना ब्लोअर लावा आणि सुरुवातीला हवा ओढून घ्या, म्हणजे वाफा सक्रिय कार्बनमधून गाळता येतात. ब्लोअरच्या आधी पाणी अडवणारी टाकी बसवा. ढीग ताडपत्रीने झाका, पावसाचं पाणी शिरलं की हवेची भोकं भरतात.

ढीग जिवंत आहे का हे पाहायला ब्लोअर बंद करा आणि आतल्या हवेतला ऑक्सिजन दर काही तासांनी मोजा. तो झपाट्याने उतरला तर काम चालू आहे. चालू ब्लोअरवरही तो 5 टक्क्यांच्या खाली राहत असेल तर हवा वाढवा. आणि बंद ठेवूनही 20 टक्क्यांवरच थांबला, टीपीएच मात्र चढाच असेल, तर ओल, खत आणि तापमान या क्रमाने दोष शोधा. पाइपांजवळची माती आधी सुकते, तिथून सुरुवात करा. थंडीत वेग पडतो. 10 अंशांच्या खाली फारशी अपेक्षा धरू नका.

स्वच्छ माती मिसळून आकडा खाली आणू नका. तेल तेवढंच राहतं, फक्त ते जास्त मातीत पसरतं.

शेवटचे नमुने ढिगाच्या पोटातून, वेगवेगळ्या खोलीवरून घ्या. ढलप्या किंवा कंपोस्ट मिसळलं असेल तर त्यांतले नैसर्गिक स्निग्ध पदार्थही टीपीएचमध्ये धरले जातात आणि आकडा एका जागी अडल्यासारखा दिसतो. प्रयोगशाळेला सिलिका जेलने शुद्धीकरण करून, म्हणजे हे पदार्थ काढून टाकून, मोजायला सांगा, आणि मिसळण्याआधीच्या ढलप्यांचा एक नमुना पहिल्याच दिवशी वेगळा तपासून ठेवा.